शिलाई मशीनचं तेल लॅपटॉपच्या फॅनला चालेल का?

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या घरी ब्लाऊज-ड्रेस शिवतात. २०१३ साली घेतलेला त्यांचा लॅपटॉप आता पॉलिटेक्निकला असलेला मुलगा वापरतो. गेले दोन महिने सकाळी तो चालू केला की घर्र्र असा आवाज येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत बराच कमी होतो. संध्याकाळी मात्र बारीक शिट्टी वाजते. जवळच्या दुकानात त्यांना सांगितलं, "बोर्ड तापतोय, यात पैसे घालू नका, नवा घ्या." त्या विचारतात, घरात मशीनचं तेल आहेच, फॅनला दोन थेंब सोडले तर भागेल का?

ताई, भागेल, पण फार तर काही महिने. तेही तेल नेमक्या जागी पोचलं तर. आणि नवा लॅपटॉप घ्यावा असं तुम्ही लिहिलेल्यात मला काहीच दिसत नाही. तुमच्या दोन आवाजांची कारणं दोन वेगळी आहेत आणि दोन्ही हाताने दुरुस्त होणारी आहेत. तेवढी ओळखून मग तेलाची बाटली हातात घ्या.

मी इचलकरंजीत बावीस वर्षं हेच काम करतो. गाव यंत्रमागाचं. इथल्या हवेत कापसाचे तंतू सतत तरंगत असतात, त्यामुळे फॅनचे जितके प्रकार बिघडू शकतात तितके सगळे माझ्या टेबलावर येऊन गेले. सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसातला लॅपटॉप उघडला की आत पांढरा, खळ लागून कडक झालेला थर असतो. पिठाच्या गिरणीतला असेल तर ओलसर हवेत घट्ट झालेलं पीठ. शिंप्याच्या घरातला असेल तर रंगीबेरंगी धागे. तुम्ही शिवणकाम लिहिलंत तेव्हा पहिला संशय मला धाग्याचाच आला.

आधी तो फॅन काय करतो ते पाहू. प्रोसेसरवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपवर, तांब्याची एक पट्टी बसते, तिच्यातून चपटी नळी निघते आणि लॅपटॉपच्या कडेला असलेल्या बारीक पत्र्यांच्या जाळीपर्यंत जाते. उष्णता नळीतून जाळीपर्यंत येते. फॅन तळातून हवा ओढतो आणि जाळीतून बाहेर ढकलतो. तुमच्या काळातल्या लॅपटॉपमध्ये आय५-३२३०एम हा प्रोसेसर खूप यायचा. तो ३५ वॉटचा आहे. पोस्टकार्डाएवढ्याही नसलेल्या जागेतून एवढी उष्णता सतत बाहेर काढायची तर छोट्या फॅनला पळावंच लागतं. घरातला छताचा फॅन मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो, हा छोटा फॅन तीन ते पाच हजार. तीन हजार धरले, रोज पाच तास आणि वर्षातले तीनशे दिवस धरले, तर वर्षाला सत्तावीस कोटी फेरे होतात. दहा वर्षांत दोनशे सत्तर कोटी. एवढं फिरल्यावर त्याने आवाज केला तर त्याला दोष देता येत नाही.

हे सगळे फेरे तो दोन-अडीच सेंटिमीटरच्या गाभ्यातल्या एका काडीवर घेतो. बहुतेक स्वस्त फॅनमध्ये ही काडी ब्राँझच्या बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळकांड्यात फिरते. बुश दिसायला भरीव दिसतो, पण तो धातूची भुकटी दाबून बनवलेला असतो आणि त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरवलेलं असतं. काडी फिरते, बुश तापतो, तेल पाझरतं आणि दोघांत तेलाचा पातळ पडदा राहतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते तेल उडून जातं, जे उरतं ते धुळीशी मिसळून काळं आणि घट्ट होतं. सकाळी यंत्र थंड असताना हा घट्ट गाळ काडीला नीट फिरू देत नाही, म्हणून घर्र्र होतं. दहा मिनिटांत तो तापून सैल झाला की आवाज उतरतो. तुमचा सकाळचा आवाज मला याचाच वाटतो.

संध्याकाळची शिट्टी याची नाही. ती हवेची आहे. जाळीची अर्धी तोंडं बुजलेली असली की उरलेल्या फटींतून हवा जोरात घुसते आणि शिट्टी वाजते. दिवसभर वापर झाल्यावर फॅन जास्तीत जास्त वेगाने पळत असतो, म्हणून ती संध्याकाळी ऐकू येते.

आवाज ओळखायला कान पुरतो, पण शांत खोली हवी. घरातले पंखे बंद करा. लॅपटॉप टेबलावर ठेवून चालू करा आणि एका स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून त्याचं टोक लॅपटॉपच्या तळाला, फॅनच्या जाळीशेजारी हलकेच टेकवा. मोटारसायकलचे मेकॅनिक इंजिन असंच ऐकतात. मग लॅपटॉप सावकाश डावीकडे कलवा, उजवीकडे कलवा. कलवल्यावर आवाज बदलला, मोठा झाला किंवा एकदम थांबला, तर काडी आणि बुश झिजलेत, कारण कलवल्याने पात्यांचं वजन दुसऱ्या बाजूला पडतं. मात्र जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते, म्हणून कलवणं सावकाशच, झटका देऊन नाही. टक-टक-टक असा ठेक्यातला आवाज असेल तर पात्याला काहीतरी लागतंय, बहुधा वायर किंवा धागा. कुरकुर-टिक, थांबून परत कुरकुर, असं काही असेल तर मला फॅनपेक्षा हार्ड डिस्कची काळजी वाटते. ते पडताळायला सोपं आहे. तळाचं झाकण काढून हार्ड डिस्क बाजूला काढायची आणि लॅपटॉप बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यापर्यंत नुसता चालू करायचा. आवाज राहिला तर फॅन. गेला तर फॅनला हात लावू नका, आधी मुलाच्या सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, त्याच दिवशी.

एक गोष्ट उघडण्याआधीच तपासा. फॅनमध्ये दोष नसताना, दुसऱ्या कारणानेही तो पळत असेल. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून पाहा, काहीही न चालवता प्रोसेसर चाळीस-पन्नास टक्के व्यस्त दिसला तर कुठलातरी प्रोग्रॅम त्याला राबवतोय. दहा-बारा वर्षांच्या यंत्रावर दोन-दोन अँटिव्हायरस आणि ब्राउझरचे तीस टॅब हे मी नेहमी बघतो. तापमान दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात, एचडब्ल्यूइन्फो त्यातलं चांगलं. आपल्याकडे उन्हाळ्यात रिकाम्या बसलेल्या अशा लॅपटॉपचं तापमान ४५ ते ५५ अंश दिसलं तर मी समाधानी असतो. रिकामा असतानाच सत्तर दिसलं तर आत कोंडलंय. काही एचपीच्या ऑफिस वापराच्या मॉडेलमध्ये बायोसमध्ये चार्जर लावलेला असताना फॅन कायम चालू ठेवायचं सेटिंग असतं. ते बंद केलं की निम्म्या तक्रारी संपतात. तुमच्या बाबतीत हे लागू होणार नाही असं आवाजावरून वाटतं, पण पाहायला दोन मिनिटं लागतात.

आता उघडणं. ज्यांनी आधी कधी उघडलेला नाही त्यांनी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचावं. डेल, एचपी, लेनोव्हो आपापल्या साइटवर ते मोफत देतात, चित्रांसकट. वाचायचं ते एवढ्यासाठी, की काही लॅपटॉपमध्ये तळाचं झाकण काढलं की फॅन समोर असतो, तर काहींमध्ये कीबोर्ड, वरची बॉडी आणि मदरबोर्डसुद्धा बाहेर काढावा लागतो. पहिल्या प्रकारातलं काम तुम्ही आणि मुलगा मिळून रविवारी सकाळी सहज कराल. दुसऱ्या प्रकारातलं असेल तर माझा आग्रह आहे की दुकानात द्या आणि समोर बसून करून घ्या.

चार्जर काढा, बॅटरी काढा, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला विजेचा साठा संपतो. हाताला लागलेली स्थिर वीज घालवायला पाण्याच्या धातूच्या नळाला एकदा हात लावा. थंडीत, हवा कोरडी असताना हे विसरू नका, आणि अंगावर लोकर किंवा नायलॉन नको. तुम्ही शिवता, टेबलावर कापडाचे तुकडे असतील, ते उचलून ठेवा.

स्क्रूचं मी सगळ्यांना एकच सांगतो. थर्माकोलचा तुकडा घ्या, त्यावर पेनने लॅपटॉपचा आकार काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो थर्माकोलमध्ये खुपसा. लॅपटॉपचे स्क्रू वरून सारखे दिसतात, पण लांबी वेगवेगळी असते. आठ मिलिमीटरचा स्क्रू चार मिलिमीटरच्या जागी गेला की कीबोर्डच्या बाजूने फोड आल्यासारखा उंचवटा येतो, नाहीतर बोर्डावरची वीज वाहणारी रेघ तुटते. माझ्याकडे येणारे 'घरी उघडला होता, मग चालूच झाला नाही' असे निम्मे लॅपटॉप याच कारणाने मेलेले असतात. उरलेले रिबन केबलमुळे. कीबोर्डची चपटी केबल ओढून काढायची नसते. तिच्या सॉकेटवर काळी किंवा पांढरी बारीक पट्टी असते, ती नखाने उचलली की केबल आपोआप सुटते. फॅनचा छोटा सॉकेटसुद्धा वायर धरून ओढायचा नाही, दोन्ही बाजूंना नखं लावून हळूहळू हलवत काढायचा. सुरुवातीच्या दिवसांत मी एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचा असा सॉकेट बोर्डासकट उपटला होता. नवा सॉकेट बसवायला दोन दिवस गेले आणि त्याची परीक्षा होती. तेव्हापासून वायर धरून ओढलेली मला दुसऱ्या कोणाच्या हातातही बघवत नाही.

फॅन समोर आला की लगेच फुंकू नका. ब्लोअर तर नाहीच. बरेच जण बाहेरच्या जाळीतून हवा मारतात आणि धूळ निघाली म्हणून खूश होतात. पण धूळ जाळीच्या आतल्या तोंडावर बसलेली असते, फॅन आणि जाळी यांच्या मध्ये. बाहेरून मारलेल्या हवेने ती सुटून फॅनच्या पात्यांत जाते आणि दोन दिवसांनी आवाज दुप्पट होतो. शिवाय जोराच्या हवेने फॅन त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पुढे फिरतो. बुश तर झिजतोच, आणि फिरवलेला मोटर उलटी वीज तयार करतो ती बोर्डाकडे जाते. आमच्या गावात कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून आणलेले लॅपटॉप येतात. एकाचं एक पातं तुटून आत पडलं होतं. पातं तुटलं की तोल जातो, फॅन थरथरतो आणि तो फॅन पुन्हा शांत होत नाही.

म्हणून फॅनचं झाकण काढा. तीन-चार अगदी बारीक स्क्रू असतात, आणि फॅन जिथे जाळीला भिडतो तिथे काळी चिकटपट्टी असते. ती सावकाश सोडवा, परत लावायची आहे. आता जाळीच्या आतल्या तोंडाकडे पाहा. राखाडी रंगाची एक गादी दिसेल. दुरून ती रबरची पट्टी वाटते, पण आहे धूळ, केस आणि तंतू यांची दाबून झालेली नमद्यासारखी पट्टी. चिमट्याने एका टोकाला धरून उचला. बहुतेक वेळा ती अख्खी एकसलग निघते, रुपयाच्या नाण्याएवढी जाड, आणि तिच्या मागच्या बाजूला जाळीच्या पत्र्यांच्या रेघा उमटलेल्या असतात. ही पट्टी निघाली की तुमची शिट्टी गेली. माझ्या अनुभवात दहातले सहा-सात 'आवाज करणारे फॅन' एवढ्यावरच शांत होतात, कारण कोंडलेली वाट मोकळी झाली की त्यांना पळावंच लागत नाही.

मग फॅनचा गाभा पाहा. पात्यांच्या मुळाशी, काडीभोवती धागा गुंडाळलेला आहे का ते बॅटरीच्या उजेडात शोधा. दोन वर्षांपूर्वी शहापूरमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा लॅपटॉप आला होता. गाभ्याभोवती लाल रेशमी धाग्याचे वीसेक वेढे, इतके घट्ट की लालसर कडं बसवल्यासारखं दिसत होतं. ओव्हरलॉक मशीनखाली पडणारे तुकडे हवेबरोबर तळातून आत जातात. सुईच्या टोकाने एक टोक सोडवलं आणि उलटं फिरवत काढलं, फॅन आजतागायत चालतो आहे. तुमच्याकडे असं काही सापडलं तर ब्लेडने कापू नका, पातं चिरतं. सुई आणि सबुरी.

पाती साफ करायला जुना, मऊ, कोरडा रंगाचा ब्रश. एका बोटाने गाभा धरून ठेवा म्हणजे फॅन फिरणार नाही. चिकट धूळ असेल, फोडणीच्या वाफेची किंवा उदबत्तीच्या धुराची, तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल कानकाडीला लावून पुसा. पाणी नको, घरातलं फिनेल किंवा काच पुसायचा स्प्रे नको.

एवढं झालं की फॅन हातात धरून पात्यांना बोटाने हलका टिचका द्या. चांगला फॅन काही सेकंद आपल्याच नादात फिरत राहतो आणि आवाज न करता थांबतो. खराब फॅन एक-दोन फेऱ्यांत अडकून थांबतो. मग गाभा चिमटीत धरून आडवा हलवून पाहा. बाजूला हलण्यासारखी फट डोळ्याला दिसली तर बुश किंवा काडी झिजली आहे. तिथे तेल काही करणार नाही, झिजलेला धातू तेलाने भरून येत नाही. तो फॅन बदला.

फट नसेल, नुसता कोरडा वाटत असेल, तर तेलाला अर्थ आहे. इथे तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

पुष्कळ फॅनमध्ये पात्यांचं चाक नुसत्या चुंबकाच्या जोरावर बसलेलं असतं. फॅनचा तळ घट्ट धरून, दोन्ही अंगठ्यांची नखं गाभ्याखाली समोरासमोर घालून सरळ वर ओढलं की टप् करून चाक हातात येतं. बेताच्या जोराने आलं नाही तर थांबा, त्याला आतून वॉशर आहे, आणखी ओढलं तर काडी तिरकी होईल. अशा फॅनच्या पाठीवर स्टिकर असतो. काहींमध्ये त्याखाली रबरचं बूच किंवा छिद्र असतं, तिथून तेल घालता येतं. काही पाठीमागून पूर्ण बंद असतात, त्यांना सोडून द्या.

चाक निघालं असेल तर त्याच्या मधोमध बारीक चकचकीत काडी दिसेल आणि तिच्यावर काळपट लेप. तो अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कानकाडीने पुसा, कानकाडी पांढरी निघेपर्यंत. बुशच्या भोकातला गाळ टूथपिकला बारीक सुती कापड गुंडाळून काढा. भोकाच्या तळाशी प्लॅस्टिकची छोटी चकती असते, काडीचं टोक तिच्यावर टेकून फिरतं. तिला खड्डा पडलेला दिसला तर फॅन लवकरच पुन्हा खडखडणार हे धरून चाला. मग तेल, एक थेंब. दोन नाही. मेडिकलमध्ये इन्सुलिनची सिरिंज मिळते, तिच्या सुईने तो थेंब नेमका भोकात पडतो. चाक परत बसवा. तेल बरोबर बसलं असेल तर चाक खटकन खाली जात नाही, सावकाश, दबत दबत उतरतं, कारण आतलं तेल आणि हवा काडीच्या बाजूने वर येत असते. ते उतरणं बघायला मला आजही आवडतं. वर आलेलं जादा तेल टिश्यूने टिपा. टिपलं नाही तर पहिल्याच दिवशी ते पात्यांवर उडतं आणि महिन्याभरात तिथे धुळीचा चिखल होतो.

तेल कुठलं? शिलाई मशीनचं तेल पातळ खनिज तेल असतं. मशीनला ते योग्यच आहे, कारण मशीन तापत नाही आणि तुम्ही दर आठवड्याला तेल घालता. फॅनचा गाभा रोज तास-न्-तास पन्नास-साठ अंशांवर असतो. तिथे ते तीन-चार महिन्यांत उडून जातं आणि घरघर परत येते. आमच्याकडचे लोक मागासाठी वापरायचं स्पिंडल ऑइल घालून येतात, त्याचीही तीच गत. मी स्कूटरमध्ये घालतात ते पूर्ण सिंथेटिक इंजिन ऑइल वापरतो, कोरं, न वापरलेलं. गॅरेजमध्ये रिकाम्या डब्याच्या तळाशी उरलेलं चमचाभर मागितलं तर कोणीही देतं, आणि तेवढ्यात शंभर फॅन होतात. उष्णतेत ते लवकर उडत नाही. अशा तेलावर वर्ष-दीड वर्ष चाललेले फॅन माझ्याकडे आहेत. पण बुशला मुळात जितकं तेल मुरवलेलं होतं तितकं आपण घरी मुरवू शकत नाही, त्यामुळे तेल घालणं ही मुदतवाढ आहे.

खोबरेल तेल घालू नका. हे मुद्दाम लिहितो, कारण दर हिवाळ्यात दोन-तीन फॅन असे येतात. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरच्या सकाळी फॅन फिरतच नाही आणि लॅपटॉप फॅन एररचा संदेश देऊन बंद पडतो. एचपीच्या लॅपटॉपवर ९०बी असा कोड येतो तो फॅनचाच. गंज सोडवायचा स्प्रेसुद्धा नको. त्यात द्रावक जास्त आणि तेल थोडं असतं. तो उरलंसुरलं जुनं तेल धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. दोन दिवस फॅन गप्प बसतो, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा मोठ्याने ओरडतो. ग्रीसही नको, एवढ्या छोट्या मोटरला ते जड होतं.

प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीच्या मध्ये उष्णता वाहून न्यायला लावलेली पेस्ट बदलायची का, हा पुढचा प्रश्न येईलच. तुमच्या लॅपटॉपमध्ये फॅन तांब्याच्या नळीपासून वेगळा निघत असेल आणि रिकामं तापमान ठीक असेल, तर पहिल्या खेपेला नळीला हात लावू नका. फॅनबरोबर नळीही काढावी लागत असेल तर मात्र पेस्ट नवी घालावीच लागते, सुटलेली जुनी पेस्ट पुन्हा नीट बसत नाही. नळीच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. जुनी पेस्ट अल्कोहोलने साफ करून तांदळाच्या दाण्याएवढी नवी, आर्क्टिकची एमएक्स-४ किंवा तशी वीज न वाहणारी. शेजारच्या चिपांवर रबरासारखे चौकोनी पॅड असतील तर ते जपून परत तिथेच ठेवा. पॅड फाटला म्हणून तिथे पेस्ट थापू नका, मधली फट पेस्टने भरत नाही.

फॅन बदलायची वेळ आली तर मॉडेलच्या नावावरून मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्ड असलेला आणि नसलेला असे दोन फॅन असू शकतात. जुन्या फॅनच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर, वायर तीन की चार, सॉकेटचा आकार आणि ५ व्होल्टच्या पुढे लिहिलेले अँपिअर हे सगळं जुळवून घ्या. आमच्या बाजूला मिळालं नाही तर मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून मागवतो, तिथे बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचेही फॅन निघतात. साधारण ५०० ते १२०० रुपयांत काम होतं. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला वापरलेला फॅन दोनशे रुपयांत देऊ करतात, तो घेऊ नका, त्याचेही दोनशे कोटी फेरे झालेले असतात. नवा फॅन आल्यावर बसवण्याआधी बोटाने टिचका देऊन ऐका. कोरा फॅनही कधीकधी खरखरता येतो, आणि लॅपटॉप बंद करून झाल्यावर ते कळलं तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

दुरुस्तीनंतर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के करून ठेवा. त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचं गरजेनुसार जास्त वेगाने पळणं, बंद होतं. आय५-३२३०एम असेल तर तो ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत न चढता २.६ वर थांबतो. मुलाच्या अभ्यासात, ड्रॉइंगच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये, हा फरक त्याला सहसा जाणवणार नाही, पण फॅन बराच हळू फिरेल. आणि लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा तुमच्या कापडाच्या गठ्ठ्यावर नको. फॅन तळातून हवा ओढतो, ती जाळी झाकली की आत कोंडतं आणि फॅन पुन्हा जोरात पळतो. शिलाई मशीनच्या टेबलापासून तो चार-पाच फूट दूर आणि जमिनीपेक्षा उंच ठेवा. इचलकरंजीत मी सगळ्यांना सहा महिन्यांनी एकदा जाळी उघडायला सांगतो. तुमच्याकडे वर्षातून एकदा पुरे, पण ओव्हरलॉक मशीन असेल तर सहा महिनेच धरा.

दुकानात द्यायचं ठरलं तर "लॅपटॉप तापतोय" असं सांगू नका. "फॅन काढून, त्याचं झाकण उघडून, जाळीच्या आतली धूळ काढा, काडीला खेळ आहे का बघा, खेळ असेल तर फॅन बदला, नसेल तर सिंथेटिक तेलाचा एक थेंब घाला" असं सांगा. निघालेली धुळीची पट्टी आणि बदलला असेल तर जुना फॅन मागून घ्या. माझ्याकडे साफसफाई आणि पेस्टचे ५०० रुपये होतात, सांगलीत शंभर-दोनशे इकडे तिकडे. कोणी न उघडताच बोर्ड गेला म्हणालं तर लॅपटॉप उचला आणि दुसऱ्याकडे न्या.